रूपलीबाईला कोण उचलणार

पितांबर मास्तरचा सगळ्यात गाजलेला उपदेश लेकरावरचा होता. येशूनं एका लेकराला हाताला धरून मोठ्या माणसांच्या मधोमध उभं केलं आणि असं झाल्याशिवाय माझ्या बापाच्या घरात तुमचं पाऊल पडायचं नाही असं बजावलं, ती गोष्ट. ती सांगताना मास्तरचा आवाज इतका मऊ व्हायचा, की उंबरपाड्याच्या गवती छपराखाली बसलेल्या बायांचे डोळे भरून यायचे. नवापूरला राहणाऱ्या मिशनच्या मोठ्या साहेबानं तो उपदेश ऐकला होता. नम्रता शिकायची असेल तर पितांबरकडून शिका, असं साहेब धुळ्याच्या सभेत बोलला. ते वाक्य मास्तरपर्यंत पोचलं आणि मास्तरनं ते सगळ्या पाड्यापर्यंत पोचवलं. आपल्या नम्रतेचा डंका पिटायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही.

उपदेशाचा दुसरा भाग त्याच्या स्वतःबद्दल असायचा. तापीकाठच्या गुजर पाटलाचा तो थोरला मुलगा. काळी जमीन, कापसानं भरलेल्या खोल्या, दारात खिल्लारी जोडी. बाटला तेव्हा बाप मोतीलाल पाटलानं गवताचा पितांबर बनवला, त्याला पितांबरचंच धोतर नेसवलं आणि नदीवर नेऊन जाळला. डोकं भादरलं, तेराव्याला गावजेवण घातलं. पितांबर पलीकडच्या काठावर उभा राहून धूर बघत होता. "मी माझी स्वतःची चिता पाहिली आहे," असं तो म्हणायचा आणि मग थोडा वेळ काहीच बोलायचा नाही. डोंगरातली माणसं तोंडात बोट घालायची.

सगळं सोडलं, हे खरंच होतं. जमीन सोडली, आई सोडली, जात सोडली. मिशनच्या अनाथ घरातली पोर बायको करून घेतली आणि या मावची भिलांच्या पाड्यात येऊन राहिला. एकच गोष्ट त्याच्या मुठीत राहून गेली होती. ती म्हणजे पेल्याची पाळी.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं. मनुका उकळून काढलेला रस, मुलाम्याचा एकच पेला, आणि सगळी मंडळी त्यालाच ओठ लावणार. पहिला घोट मास्तरचा. मास्तर आहे, वडीलधारा आहे, पहिला तोच पिणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण पहिला पिणाऱ्याला कुणाचंच उष्टं प्यावं लागत नाही, हे गणित पाटलाच्या पोराला आईच्या दुधातून मिळालेलं असतं. ते तो मोजून करत नव्हता. त्याचा हातच तसा चालायचा.

अडचण यायची ती वर्षातून एकदाच. नाताळ उरकला की साहेबाचा तंबू मोहाच्या झाडाखाली पडायचा. त्या दिवशी नव्या लोकांना पाणी मिळायचं, म्हणजे बाप्तिस्मा व्हायचा, आणि साहेबाची रीत अशी, की आज ज्यांना पाणी मिळालं त्यांनी पेला आधी घ्यायचा, बाकीच्यांनी मागून. मग मास्तर खांद्यावर पांढरं फडकं टाकून स्वतः पेला फिरवायचा. एकानं प्यालं की कड पुसायची, पेला फिरवायचा, पुढच्याला द्यायचा. स्वतःची पाळी आली की ओठ टेकवल्यासारखं करायचं. स्वच्छतेबद्दल साहेबानं त्याला शाबासकी दिली होती.

त्याच पाड्यात रूपलीबाई होती.

नवरा मेलेला, मूल नाही. एका पावसाळ्यात पुतण्याची, वीरसिंगची, दुभती म्हैस मेली, पाठोपाठ त्याचं तान्हं गेलं. भगतानं सुपात दाणे टाकून पाहिलं आणि रूपलीचं नाव घेतलं. डाकण, म्हणजे चेटकीण. वीरसिंगनं तिला लाकडानं मारलं. खालचा ओठ मधोमध फाटला. हे ऐकून मैदानातल्या लोकांनी शहाणपणानं मान हलवायची गरज नाही. नंदुरबारात पेढीवर बसणारा शेठही अमावास्येला उंबरठ्यावर लिंबू कापतोच, आणि विहिरीचा वाटा हवा असला की भाऊबंदाच्या विधवेत त्यालाही डाकण दिसते.

ती रक्ताळलेली रूपली सरपटत प्रार्थनेच्या घराशी आली. कौसाबाईनं, म्हणजे मास्तरच्या बायकोनं, तिला उचललं, हळद भरली, शिवता आलं तेवढं शिवलं. ओठ जुळला पण वाकडा जुळला. तेव्हापासून त्यातून लाळ गळायची. पाणी प्यायली तर अर्धं हनुवटीवरून खाली. प्रार्थनेच्या घरामागे सागाच्या पानांची खोप करून ती राहिली. झाडायची, सारवायची, नाल्यावरून पाणी आणायची, आणि दर वर्षी एकच गोष्ट मागायची.

"मास्तर, माले पाणी दे ना."

डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात. मामलेदारालाही तू, देवालाही तू. इतकी वर्षं झाली तरी मास्तरच्या कानाला ते टोचायचंच.

तिची प्रार्थना एकदा त्यानं कुडाआडून ऐकली होती. डोळे उघडे, मान वर, पाय पसरलेले. म्हणत होती, "बाप, मी आठे शे. तू बी शे ना? मग व्हई गयं." एवढं बोलून ती उठली आणि शेणाची पाटी घेऊन गेली. मास्तरला राग आला. मी इथं, तूही इथं, मग झालं; स्तुती नाही, पापाची कबुली नाही, शेवटाला आमेनसुद्धा नाही. आपण गुडघे दुखेपर्यंत जे मागतो ते ही बाई घरच्या बापाशी बोलावं तसं बोलून मोकळी होते, आणि वर हिला झोपही लागते. त्या रागाच्या तळाशी काय होतं ते बघायला तो खाली उतरला नाही.

त्या वर्षी नाताळाआधी मंडळीचा, म्हणजे पाड्यातल्या ख्रिस्ती लोकांचा, पंच जामसिंग मास्तरकडे आला. जामसिंग भला माणूस. मिशनच्या शाळेत दोन बुकं शिकलेला, दारू सोडलेला. पण डाकणीचं भय काही दारूच्या बाटलीसारखं फेकून देता येत नाही.

"मास्तर, रूपलीले पाणी देशी का यंदा?"

"पाठ म्हणून दाखवला तर."

"देशी तं मग ती मंडळीमां उनी. मरी तव्हय आमलेच उचलनी पडी." जामसिंगनं आवाज खाली आणला. "आमना घरमां पोरंसोरं शेतस."

मास्तरनं त्याला समजावायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मिशन त्याला पगार देत होतं. त्यानं केलं ते वेगळंच. पुढच्या रविवारी उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, की पाणी मिळालेलं नाही तोवर माणूस बाहेरचा. बाहेरच्याचं मढं मंडळीनं उचलायचं नाही आणि मंडळीच्या कुंपणात पुरायचं नाही. जामसिंगचा जीव भांड्यात पडला. दाराशी बसून रूपलीबाई ऐकत होती. गावातले तिला डाकण म्हणून शिवणार नाहीत, आणि मंडळी बाहेरची म्हणून. तिला ते तिथल्या तिथे कळलं.

परीक्षेच्या दिवशी ती तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून आली. मास्तर खुर्चीवर. पंच घोंगडीवर. बाकीचे मातीत.

"आज्ञा किती, रूपलीबाई?"

"दहा."

"बरोबर. म्हण."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पहिली तरी म्हण."

"बाप एकच शे," ती म्हणाली. "दुसरा कसाले? एकच पुरी ऱ्हायना."

मागे बसलेले हसले. जामसिंगही हसला.

"शब्द तसे नाहीत."

"शब्द माले येत नही, मास्तर. ध्यानमां ऱ्हात नही. डोकावर लाकूड बसेल शे ना."

"चोरी करू नये, ही कितवी?"

"ज्याले चोरी करनी शे तो मोजी."

आता हशा मोठा झाला, आणि मास्तरला वाटलं तो आपल्याला हसतोय. तिच्या ओठातून लाळेची तार खाली लोंबत होती. तिनं ती पदरानं पुसली. तो तेवढंच बघत होता. साहेबाचा दिवस, पहिल्या रांगेत ही, पेला हिच्या त्या ओठाला, अर्धा रस हनुवटीवर आणि अर्धा परत पेल्यात, आणि समोर साहेब बघत असणार. फडक्यानं काय काय पुसायचं?

"तयारी नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी."

"बरं." ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं. उठता उठता तिनं विचारलं, "पण एक सांग, मास्तर. यंदाच मी मरी गयी, तं माले कोन उचली?"

"नियम मी केलेला नाही," मास्तर म्हणाला. केलेला त्यानंच होता, मागच्याच्या मागच्या रविवारी, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिला मात्र ते खरंच वाटलं असावं, कारण तिनं मान डोलावली.

साहेब आला. तिघांना पाणी मिळालं. रूपलीबाई दाराबाहेर उकिडवी बसून बघत होती आणि तिघांतला प्रत्येक जण नाल्याच्या डोहातून वर आला की मांडीवर थाप मारून हसत होती, जसं काही तिच्याच घरातलं लग्न. साहेबानं विचारलं, ती बाई कोण. मास्तर म्हणाला, साहेब, अजून पाठ होत नाही, घाई करण्यात अर्थ नाही. साहेबाला मास्तरच्या धीराचं कौतुक वाटलं.

तंबू हलला त्या दुपारी कौसाबाई नागलीच्या भाकरी थापत होती. तोंड न वळवता तिनं विचारलं, "मला पाणी दिलं तेव्हा मला किती आज्ञा येत होत्या?"

"तू लहान होतीस."

"संवत छप्पनच्या दुष्काळात रुळाच्या कडेला कुणीतरी टाकलेली पोर मी. कुणाची, कुठल्या जातीची, मलाच माहीत नाही. नावसुद्धा येत नव्हतं. कौसा हे दाईनं ठेवलेलं. मग मला कसं दिलं?"

"लेकराचं वेगळं असतं."

"हो का?" तिनं भाकरी उलटली. "मग तुमचा तो उपदेश कुणासाठी असतो?"

तो गप्प बसला. बसायला हवं होतं तसा नाही, घुश्शात बसला.

"तुम्हाला तिचा ओठ नको आहे," कौसाबाई म्हणाली. "आज्ञा दहा असोत की वीस. मी भांडी घासते या घरातली. माझ्या ताटातलं उरलेलं तुम्ही कधी खाल्लं? एकदा तरी? मी बोलले नाही, कारण मला वाटलं जाईल हळूहळू."

मग त्याची शुद्ध मराठी गळून पडली. रागात तो नेहमी बापाच्या ओट्यावर परत जायचा. "माले शिकाडू नको. मी काय काय सोडी दिन्हं तुले माहीत शे? मन्ही चिता देखेल शे मी."

"गवत जळलं ते," ती म्हणाली. "पाटील कुठं जळला? तो काय, खुर्चीवर बसलाय."

त्यानंतर बरेच दिवस घरात लागेल तेवढंच बोलणं झालं.

मोह गळायला लागला तेव्हा पाड्यात हिवताप आला. धडधाकट माणसं अंग टाकून पडली आणि उठली. रूपलीबाई पडली ती उठली नाही. कौसाबाई खोपीत जाऊन बसायची, चमच्यानं पाणी पाजायची. मास्तर दारापर्यंत जायचा, काय म्हणतेय विचारायचा आणि परतायचा. एका सकाळी कौसाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "ती पाणी मागते आहे. पिण्याचं नव्हे."

"साहेबाला निरोप धाडतो."

"साहेब धुळ्याला आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. मरणाऱ्याला कुणीही द्यावं असा मिशनचा नियम आहे ना? का तोही मीच सांगू?"

नियम होता. त्याला तो शब्दान् शब्द पाठ होता.

तो वाकून आत गेला. खोपीत ताप आणि लाळ यांचा आंबूस वास होता. त्या सगळ्या वर्षांत तो पहिल्यांदा आत आला होता. रूपलीबाईनं त्याला ओळखलं आणि तिचा वाकडा ओठ हसल्यासारखा हलला. कौसाबाईनं उशाशी तांब्या भरून ठेवला होता. मरणाऱ्याला डोह लागत नाही. हात बुडवायचा, कपाळावर तीनदा पाणी घालायचं, बापाचं, पुत्राचं, आत्म्याचं नाव घ्यायचं. संपलं. अंगण शिंपायला याहून जास्त वेळ लागतो.

"मास्तर उना," ती म्हणाली. "आते मी घर जासू."

आणि इथं मास्तरनं ते केलं जे फक्त मास्तरलाच सुचू शकतं. तांब्यात हात घालून मोकळं व्हावं, हे त्याला फार थोडकं वाटलं. इतके दिवस अडवून धरलं ते असं दोन थेंबांत कसं संपवायचं? त्यानं ठरवलं, नीट करू. साहेब असता तर जसं झालं असतं तसं. तो गुडघ्यावर बसला, डोळे मिटले आणि आधी प्रार्थना सुरू केली.

आदामापासून सुरू केली. पाप कसं जगात आलं ते सांगितलं. जलप्रलय झाला. लाल समुद्र दुभंगला. शब्द त्याच्या तोंडून ओढ्यासारखे येत होते आणि त्याला भरून येत होतं, खरंच येत होतं, गालावर पाणी ओघळलं. त्यानं आपला गर्व देवासमोर ठेवला, आणि काय सुंदर शब्दांत ठेवला. नदीपलीकडची चितासुद्धा आली त्यात. मध्येच कौसाबाईनं त्याची बाही ओढली. तिलाही गहिवरून आलं असेल असं त्याला वाटलं आणि त्यानं आवाज आणखी चढवला. ती पुन्हा ओढायला लागली तेव्हा त्यानं हात सोडवून घेतला. लेकरासारखं कर, बापा, आम्हाला लेकरासारखं कर, असं म्हणून त्यानं आमेन म्हटलं आणि डोळे उघडले.

रूपलीबाई छपराकडे बघत होती. पापणी हलत नव्हती.

"झालं तुमचं?" कौसाबाई म्हणाली. "तिचं मघाच झालं."

त्यानं तांब्याकडे हात नेला. कौसाबाईनं तांब्या बाजूला घेतला. "राहू द्या. मढं भिजवून काय मिळणार."

तिनं त्या पाण्यानं पदराचं टोक ओलं केलं आणि मेलेल्या बाईचा ओठ पुसला, हनुवटी पुसली.

मास्तर बाहेर आला. पुरुष मंडळी जामसिंगच्या अंगणात मोह वाळत घालत बसली होती. उन्हात तो गोड आंबट वास इतका दाट होता की श्वासात चिकटत होता. तो कुंपणाशी उभा राहिला.

"रूपलीबाई गेली. उचलायला चला."

कुणी हललं नाही. जामसिंगनं हातातली मूठभर फुलं चटईवर सोडली.

"पाणी दिन्हं का तिले?"

खोपीत काय झालं हे एकट्या कौसाबाईला माहीत होतं, आणि ती तोंड उघडायची नाही. एक शब्द म्हटला की ही माणसं उठतील. रूपलीबाईचं भलंच होईल. आणि खरं सांगायचं तर त्याचंही भलं होईल. ते त्याला त्याच क्षणी दिसलं.

"दिलं," मास्तर म्हणाला.

जामसिंगच्या तोंडावर भीती पसरली. कपाळावर घाम आला. त्यानं एकदा घराच्या दाराकडे, आत खेळणाऱ्या पोरांच्या आवाजाकडे पाहिलं. मग तो उठला.

"तू सांगस तं दिन्हंच व्हई," तो म्हणाला. "चला रे. मंडळीनी बाई शे ती." आणि कुडाला टेकवलेला बांबू त्यानं उचलला. तो खांद्यावर घेतला. बाकीचेही एकेक करून उठले.

मास्तरनं ते पाहिलं. आयुष्यभर उपदेशात जे तो मागत आला ते त्याच्यासमोर अंगणात उभं होतं. हा माणूस भीतीनं कापत होता आणि फक्त आपल्या शब्दावर निघाला होता. त्यानं विचारलंसुद्धा नाही, कधी दिलं, कसं दिलं. आणि शब्द खोटा होता.

"थांब, जामसिंग," मास्तर म्हणाला. "दिलं नाही. द्यायला गेलो आणि दिलं नाही. मी प्रार्थना करत बसलो आणि ती मेली."

जामसिंगनं बांबू परत कुडाला लावला.

"खोटं कसाले बोलना?" त्यानं विचारलं. रागानं नाही, लहान पोरानं विचारावं तसं. "आम्ही उठनूत ना."

"चूक झाली. तो नियमही चूक होता. मीच केला होता. आता मीच सांगतो, चला."

"एक रविवारले एक सांगस, आज दुसरं," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही कोनतं धरवं?"

मास्तर तिथंच कुंपणाशी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डोंगरातल्या माणसांपुढे हात जोडले. तशाच हातांनी त्यानं पुन्हा विचारलं. जामसिंगनं मान खाली घातली. बाकीचे चटईकडे वळले, फुलं पसरायला लागले. एकदा शब्द मोडला की हात जोडून तो सांधत नाही, आणि का सांधावा?

खोपीत परत आला तेव्हा कौसाबाईनं गोधडीची झोळी बांधून ठेवली होती. डोंगरात आजारी माणसाला नवापूरच्या दवाखान्यात नेतात तशी झोळी. दोन माणसांत नेता येते. पुढे ती लागली, मागे तो. पाटलाच्या पोराच्या खांद्याला जोखड ठाऊक नव्हतं. बांबू हाडात रुतला. पाड्यातून जाताना एकेक दार लागत गेलं. वीरसिंगच्या घरासमोर कुत्रं भुंकलं, आतून कुणी त्याला हाक मारून आत घेतलं.

"पाय बरोबर टाका," कौसाबाई म्हणाली. "तिला हिसके बसतात."

मंडळीचं स्मशान नाल्यापलीकडे, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात. कुंपणाच्या फाटकाशी जामसिंगचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला होता. वाट अडवूनच. कौसाबाईनं मास्तरकडे पाहिलं. ते कुंपणाबाहेर थांबले.

मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि मूठभर खडे निघायचे. ऊन डोक्यावर आलं. त्याच्या तळहातांना फोड आले, फुटले, दांडा ओला आणि घसरता झाला. कौसाबाई पाटीनं माती उपसत होती. खोल असा खड्डा झालाच नाही. जेवढा झाला तेवढ्यात त्यांनी तिला ठेवलं. मास्तर उभा राहिला, सवयीनं डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि त्याला किळस आली, स्वतःच्याच आवाजाची, तो अजून निघालाही नव्हता तरी. त्यानं तोंड मिटलं. खाली बसून दोन्ही हातांनी माती लोटायला लागला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दोघांनी वर दगड रचले.

परतताना नाला कोरडा होता. कौसाबाई मध्येच बसली. डोळ्यांपुढे अंधारी येतेय, म्हणाली. घर लांब होतं. वाटेत जवळचं दार जामसिंगचंच. तिला धरून तो त्या अंगणाच्या कडेला आला.

"पाणी मिळेल का?" तो म्हणाला. "हिला घेरी आली आहे."

जामसिंगची बायको दारात आली. डाकणीचं मढं ज्यांनी उचललं त्यांना माठाजवळ येऊ द्यायचं नसतं. ती आत गेली, भोपळ्याचं तुंबं भरून आणलं आणि उंच धरून अंगणाच्या कडेशी उभी राहिली. दुरून धार सोडायची, तुंबं अंगाला लागू द्यायचं नाही. तापीकाठच्या ओट्यावर सालदार भील असेच वाकून उभे राहायचे आणि पितांबरची आई त्यांच्या ओंजळीत अशीच वरून धार सोडायची. कसं वाकायचं ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

कौसाबाई आधी प्यायली. मग त्यानं हात पुढे केले. ओंजळ होईना. फोड फुटलेले तळवे मिटतच नव्हते. पाणी आलं आणि बोटांमधून मातीत गेलं. त्यानं पुन्हा धरली, पुन्हा गेलं. तुंब्यातलं पाणी संपत आलं. जामसिंगची बायको थांबली.

"बहीण, थोडं अजून," तो म्हणाला.

कौसाबाईनं स्वतःची ओंजळ पुढे केली, नुकतीच जिच्यातून ती प्यायली होती ती. तीत पाणी भरलं. तो गुडघ्यावर बसला आणि बायकोच्या हातांत तोंड घालून प्यायला. पाण्याला मातीची चव होती आणि तिच्या घामाची. संपलं तेव्हा तिनं हात तसेच धरून ठेवले आणि दुसऱ्यांदा धार आली. तो पुन्हा प्यायला. आत जामसिंग बसला होता, त्याचे पाय दिसत होते. तो बाहेर आला नाही.

दोघं उठून निघाली. कुडाच्या वळणापर्यंत पोचली तेव्हा मागे, ही दोघं मघा उभी होती तिथं, शेणाचा सडा टाकल्याचा आवाज आला. मास्तर थबकला. मग बायकोचा दंड धरून पुढे चालायला लागला.